फिजिओ मॅडमना, खानापूरहून (जि. बेळगाव)

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. तुम्हीच म्हणाला होता, "आज्जी, मी पगार घेते, माझं नाव कुठं टाकू नका." नाही टाकत. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते. नातवाच्या हातासाठी घरात बसून मनातल्या मनात आभार मानून दोन वर्षं झाली, आता पुरे.

तुम्हाला आठवत असेल, मी अंगणवाडीत होते. तीस वर्षं पोरांची वजनं केली. रजिस्टर कन्नडमधी, बोलणं मराठीत, आणि काट्यावरचं पोर दोन्ही भाषांत रडणारं. कमी वजनाचं पोर म्हणजे आमच्या जिवाला घोर, म्हणून माझ्या लेकीच्या पोराचं वजन ४ किलो १०० ग्रॅम भरलं तेव्हा पहिल्यांदा मला आनंदच झाला. हात नंतर दिसला.

ती आषाढातली रात्र. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. दवाखाना कुठला ते लिहीत नाही, त्यात काही अर्थ नाही. कळा फार वेळ चालल्या. मी दारातच उभी होते. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि कासवानं मान आत ओढावी तसं परत मागं सरकलं. सिस्टर ओरडली, "खांदा अडकला!" पुढची मिनिटं किती होती कुणास ठाऊक. बाळ निघालं, जरा उशिरानं रडलं, आणि सगळे हसले.

सकाळी अंग पुसताना बघितलं तर उजवा हात कपड्याच्या पिळ्यासारखा अंगाशी पडलेला. कोपर सरळ, हात आतल्या बाजूला वळलेला, तळवा मागं. टाळी वाजवली की डावा हात दचकून उडायचा, उजवा तसाच. तुम्ही नंतर सांगितलंत की डॉक्टर लोक याला 'पोलिसाची टिप' म्हणतात, मागं हात करून गुपचूप नोट घेतल्यासारखा. मला तेव्हा हसू आलं नव्हतं, आता येतं.

घरात मग प्रत्येकाचं एकेक कारण. जाऊबाई म्हणाल्या, ग्रहणात विळी धरली असणार. व्याही म्हणाले, सिस्टरनं ओढून हात मोडला, तक्रार करा. मालीशवाली म्हणाली, हात उतरलाय, दोन झटके देऊन बसवते. ते झटके द्यायला मी दिले नाहीत, तेवढी अक्कल तीस वर्षांत आली होती. मुलांच्या डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाचा फोटो काढला, हाड शाबूत होतं, आणि तुमच्याकडं चिठ्ठी दिली. पोर तेव्हा सोळा दिवसांचं होतं.

त्या दिवशी तुम्ही माझा पदर हातात घेतलात. इरकल होती, पदराला गोंडे. त्यातले पाच निवडून तुमच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलंत: मानेतून नसांची अशी पाच मुळं निघतात, गळ्याच्या हाडाखालून जातात आणि अख्खा हात चालवतात. डोकं बाहेर, खांदा आत, आईच्या ओटीपोटाच्या हाडामागं अडकलेला. मग मान आणि खांदा यांच्यामधलं अंतर ताणलं जातं. एक गोंडा तुम्ही नुसता ओढलात आणि सोडलात, "हे ताणलं, आपोआप बरं होतं." दुसऱ्याचे दोनचार दोरे तट्‌ तुटले, "हे अर्धं तुटलं." तिसऱ्याच्या बुडाशी बोट ठेवलंत, कापडातनंच उपटायचा असल्यासारखं, आणि उपटला नाहीत. "हे झालं तर आपोआप काही होत नाही." माझी चांगली साडी होती हो. पण डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं 'अर्ब्ज पाल्सी' मला त्या गोंड्यांवरच कळलं. वरची दोन मुळं दुखावली की खांदा आणि कोपर जातं, बोटं चालतात. आमच्या पोराची बोटं माझं बोट धरत होती, त्यावरनं तुम्ही ओळखलंत. अर्ब हा जर्मन डॉक्टर, १८७४ सालचा. खालची मुळं दुखावली तर क्लम्पके, आणि ती बाई होती, पॅरिसमधली, १८८५ची. बाईचं नाव रोगाला लागलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मग मी विचारलं, का झालं? आजपर्यंत सगळ्यांनी एका शब्दात उत्तर दिलं होतं. तुम्ही उलट मलाच प्रश्न विचारत बसलात. बाळ केवढं होतं? कळा किती तास? चिमटा लावला, की व्हॅक्यूम? पायाळू होतं का? आणि मग, साखर तपासली होती का?

तिथं मी गप्प झाले. सातव्या महिन्यात लेकीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं होतं, दोन तासांनी रक्त घ्यायचं होतं. दहा मिनिटांत ती सगळं ओकली. अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर दुसऱ्या दिवशी परत करायची असते ती तपासणी. हे मी गावातल्या कितीतरी पोरींना दटावून सांगितलंय. माझ्या लेकीच्या वेळी म्हटलं, जाऊ दे, कशाला तिचे हाल. तुम्ही म्हणालात, तिला साखर होतीच असं आता कुणी सांगू शकत नाही. पण आईची साखर वाढलेली असली की बाळ नुसतं मोठं होत नाही, त्याच्या खांद्यावर आणि अंगावर मांस जास्त चढतं, डोकं निघतं आणि खांदे अडतात.

दुसरी गोष्ट तर मी तुम्हाला चौथ्या खेपेला सांगितली. दारातनं मीच ओरडले होते, "वरनं दाब की गं पोट!" आणि आयानं दाबलं होतं.

तुम्ही 'असू दे आज्जी' म्हणाला असता तर मी घरी येऊन रडले असते. तुम्ही म्हणालात, "ते चूक. वरून दाबलं की खांदा हाडावर अजून घट्ट बसतो. आईचे गुडघे पोटाकडं दुमडून घ्यायचे, आणि दाब द्यायचा तो खाली, हाडाच्या जरा वर, बाजूनं." आणि लगेच पुढं: पण अडकलेले निम्मे खांदे चार किलोच्या आतल्या बाळांचेच असतात, आधी ओळखता येत नाहीत. कधी खांदा न अडकताही नस ताणते. सिझेरियनमध्येसुद्धा क्वचित होतं. बाळाचा श्वास कोंडलेला असतो, हातात मोजकी मिनिटं असतात. ती नस कुठल्या क्षणाला गेली, हे त्या सिस्टरलाही सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. शेवटी कन्नडमधी म्हणालात, "अंजब्याड्री, आज्जी," म्हणजे भिऊ नका. माझी चूक माझ्याजवळ राहिली, पण तेवढीच. अख्ख्या हाताचं ओझं तुम्ही उतरवलंत. व्याह्यांनाही मी हेच सगळं सांगितलं, तक्रारीचा कागद तसाच राहिला.

व्यायामाचं काय लिहू, ते तर अंगवळणीच पडलंय. दर लंगोट बदलताना कोपर अंगाशी धरून हात बाहेर वळवायचा. अंगडं घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. काखेत हात घालून उचलायचं नाही. कापसानं दंडावरनं फिरवायचं, म्हणजे हात आपला आहे हे पोराला कळत राहतं. नस दिवसाला एक मिलिमीटर वाढते म्हणालात. मी पट्टी घेऊन मानेपासून दंडापर्यंत मोजलं आणि दिवस काढले. आणि तीन महिन्यांची मुदत. तोवर कोपर स्वतःहून वाकलं नाही तर सर्जनकडं पाठवणार, पायातली नस काढून मानेत जोडतात ते ऑपरेशन.

अकराव्या आठवड्यात तुमच्याकडंच येत होतो. बस मच्छेजवळ अडली होती, पुढं उसाचा ट्रॅक्टर बंद पडलेला. पोर मांडीवर भुकेनं चुळबुळत होतं. उजवी मूठ पोटावरनं सरकली, छातीवर आली, तिथं थांबली. मी लेकीला हलवलंसुद्धा नाही. मूठ परत घसरली. परत चढली. आणि अंगठा थेट ओठात न जाता नाकात गेला. आम्ही दोघी एवढ्या हसलो की कंडक्टर वळून बघायला लागला.

आता तो सव्वादोन वर्षांचा आहे. हात कानापर्यंत जातो, त्याच्या वर अजून नाही. चेंडू वरनं टाकायचा तर डाव्यानं टाकतो. तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की काहींचं पूर्ण भरून येतं, काहींचं थोडं राहतं.

लेकीला परत पाचवा महिना चालू आहे. तुम्ही लिहून दिलेली चिठ्ठी तिच्या तायी कार्डात, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या कार्डात, पहिल्याच पानाला टाचली आहे: मागच्या खेपेला खांदा अडकला होता, बाळाचं वजन ४१००, हाताची नस दुखावलेली. डॉक्टर बदलला, सिस्टर बदलली तरी आधी ते पान उघडायचं. साखरेच्या तपासणीला या वेळी मी घड्याळ घेऊन शेजारी बसणार आहे.

रताळी काढायला सुरुवात झाली आहे. मंगळवारी पोराला दाखवायला आणते तेव्हा पिशवी घेऊन येते. पगाराचं कारण सांगून परत पाठवू नका.

तुमची,
खानापूरची आज्जी