जुगाराच्या ॲपवर बंदी घातलीत, आता घरच्यांना अर्ज करायची सोय पण द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की ऑनलाइन पैशाच्या गेमवर सरसकट बंदी घालून सरकारनं चूक केली, युरोपात बघा लायसन्स देतात, टॅक्स घेतात, सगळं उघड चालतं, आपणही तसंच करावं. पत्र चांगलं लिहिलेलं होतं पण त्यात अर्धीच गोष्ट होती, आणि राहिलेली अर्धीच आपल्या कामाची आहे म्हणून लिहितोय.

मी बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात पिग्मी गोळा करतो. मागावर काम करणारी माणसं, भाजीवाले, उद्यमबागेत फौंड्रीत जाणारी पोरं, सगळे रोज थोडं थोडं बाजूला टाकतात. हल्ली मुदतीआधी खातं मोडायला येणाऱ्यांत तरुण पोरं जास्त दिसतात, विचारलं की बाईकचा हप्ता म्हणतात नाहीतर बहिणीचं लग्न. एका घरी तर आईनंच पोराचा मोबाईल माझ्या हातात दिला, म्हणाली, "ह्यात काय आहे बघा की ओ दादा, मला काय कळत नाही." यूपीआयची यादी उघडली तर रात्री साडेअकरापासून अडीचपर्यंत पाचशे, पाचशे, हजार, परत पाचशे, आणि दर वेळी पैसे जाणारं खातं वेगळं, कुठं कसलं तरी ट्रेडर्स, कुठं एंटरप्रायजेस, कुठं नुसतंच कुणाचं तरी नाव. गेमचं नाव कुठंच नाही. हे सगळं बंदी आल्यानंतरचं आहे बरं का. टेलिग्रामवर लिंक येते, ती बंद पडली की दुसऱ्या दिवशी तसलीच दुसरी. ती माउली एकच विचारत होती, हे बंद करायला अर्ज कुठं द्यायचा? तिला सांगण्यासारखं एकही ऑफिस मला माहीत नव्हतं.

माझा भाचा नेदरलँड्सला आयटीत आहे, त्याला तिकडचं विचारलं आणि मग मीच रात्री वाचत बसलो. पहिली गोष्ट म्हणजे "युरोपात" असं एकच काही नाहीच. युरोपियन युनियनचा जुगारावर सामायिक कायदा नाही, ज्याचा त्याचा वेगळा. नॉर्वेत सरकारी कंपनीचीच मक्तेदारी. फ्रान्समध्ये खेळांवरचं बेटिंग, घोड्यांच्या शर्यती आणि पोकर चालतं पण ऑनलाइन कसिनो बेकायदा. माल्टा हा एवढासा देश, त्यानं फार आधीच लायसन्स द्यायला सुरुवात केली म्हणून कंपन्या तिथं जाऊन बसल्या आणि तिथून जर्मनी-ऑस्ट्रियातल्या लोकांना खेळवायला लागल्या, मग त्या देशांतल्या कोर्टांनी हरलेल्यांचे पैसे परत द्या असे निकाल दिले, तर माल्टानं २०२३ मध्ये कायदाच केला की असले निकाल आम्ही इथं लागू करणार नाही. आम्हा सीमाभागातल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कर्नाटकात लॉटरी २००७ पासून बंद, आणि हद्द ओलांडून शिनोळीकडं गेलं की महाराष्ट्राच्या लॉटरीचं राज्य. ब्रिटननं यावर २०१४ मध्ये सरळ उत्तर काढलं, कंपनी जगात कुठंही असू दे, खेळणारा ब्रिटनमध्ये बसला असेल तर लायसन्स ब्रिटनचंच लागणार.

आणि लायसन्स म्हणजे नुसता परवाना नव्हे हो. जर्मनीत तिथल्या राज्यांनी मिळून केलेल्या २०२१ च्या करारानुसार सगळ्या कंपन्या मिळून एका माणसाला महिन्याला साधारण १००० युरोच भरता येतात, एका कंपनीत संपले म्हणून दुसरीकडं गेला असं चालत नाही, हिशेब मध्यवर्ती यंत्रणेत असतो. स्लॉटच्या म्हणजे चक्र फिरवायच्या गेमला एका डावाला जास्तीत जास्त १ युरो, आणि एक डाव निदान ५ सेकंद चालला पाहिजे. हे पाच सेकंदाचं मला फार पटलं, कारण आमची पोरं बुडतात ती ह्या वेगातच, विचार करायला फुरसतच मिळत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर खेळता येत नाही, म्हणजे उधारीवर जुगार बंद. इटलीनं २०१८ मध्ये जाहिरातीच बंद केल्या. २०२३ मध्ये विल्यम हिल ह्या नावाजलेल्या कंपनीला ब्रिटनच्या जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशननं १.९२ कोटी पौंडाचा दणका दिला, त्यातलं एक कारण असं की एका नव्या गिऱ्हाइकानं वीस मिनिटांत २३ हजार पौंड उडवले आणि कंपनीनं काही चौकशीच केली नाही. टॅक्सचं उदाहरण देणाऱ्यांनी हेही सांगावं की नाही?

पण सगळ्यात महत्त्वाची मला वाटली ती यादी. डेन्मार्कमध्ये रोफस, स्वीडनमध्ये स्पेलपाऊस, ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप, अशी देशभराची एक यादी असते, माणसानं स्वतःचं नाव त्यात घातलं की लायसन्सवाल्या कुठल्याही साइटवर त्याला खेळता येत नाही. नेदरलँड्सच्या यादीचं नाव क्रुक्स, २०२१ पासूनची, आणि तिथं घरच्यांनाही अर्ज करता येतो. आई, बायको, भाऊ जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडं पुरावे देतात, त्या माणसाचंही म्हणणं ऐकून घेतात, आणि पटलं तर सहा महिने त्याला बाहेर ठेवतात. जर्मनीतही घरच्यांना अशी मागणी करता येते. म्हणजे त्या माउलीच्या प्रश्नाला तिकडं उत्तर आहे.

मी बंदीच्या बाजूचा आहे हे स्पष्ट सांगतो. कर्नाटकानं २०२१ मध्ये बंदीचा कायदा केलेला, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टात टिकला नाही. आता २०२५ चा केंद्राचा कायदा आहे, गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, बाहेरच्या देशातून चालवला तरी लागू, आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे शेवटचं आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नाही, पोलीस पोराला उचलतील ह्या भीतीनं घरचे तोंड उघडत नाहीत, सोनं गहाण टाकून गप्प बसतात. बंदी आहे म्हणून इथं लायसन्सवाल्या साइट नाहीत, म्हणून युरोपसारखी यादी इथं जशीच्या तशी लागू पडणार नाही, कबूल आहे, चोरून चालणाऱ्या साइट तिकडच्या यादीलाही जुमानत नाहीत. पण पैसे तर आपल्याच बँकेतून जातात ना. ब्रिटनच्या बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायचं बटण असतं. आपल्याकडं रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये कार्डाला ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करायची सोय द्यायला लावली, तसंच यूपीआयला रात्रीचं कुलूप द्या, रात्री अकरानंतर नव्या अनोळखी खात्यावर पैसे जाणार नाहीत असं, आणि ते एकदा लावलं की काढायला निदान काही दिवस थांबावं लागेल असं. पोरगं शुद्धीवर असताना स्वतः लावेल, नाहीतर घरचे समजावून लावून घेतील. आणि जी खाती ट्रेडर्स नावानं रात्रभर पाचशे-पाचशे गोळा करतात ती बँकेला दिसत नाहीत हे मला पटत नाही, आमच्या पतसंस्थेत दोन पावत्यांचा मेळ बसला नाही तर घरी सोडत नाहीत.

दुसरी मागणी, तालुक्याच्या ठिकाणी, बेळगाव, खानापूर, निपाणी, घरच्यांना अर्ज देता येईल असं एक ठिकाण पाहिजे, जिथं पोराला आरोपी न करता खात्याची चौकशी होईल आणि डॉक्टरकडं पाठवतील. बेंगळुरूला निम्हान्स ह्या मानसिक आजारांच्या सरकारी इस्पितळात मोबाईल-गेमच्या नादासाठी वेगळं क्लिनिक आहे पण इथल्या माणसाला ते परवडत नाही. आणि अर्ज कन्नडबरोबर मराठीतही छापलेला असावा, नाहीतर ती माउली तो भरणार कशी?

तोपर्यंत एक विनंती आपल्यालाच. मानसिक त्रासासाठी टेलिमानस ह्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ आणि सायबर फसवणुकीचा १९३० हे दोन नंबर रोज पहिल्या पानावर छापा, क्रिकेटच्या बातमीच्या शेजारी छापलेत तर अजून बरं, पोरं तेच पान वाचतात.

आपला,
एक पिग्मी एजंट, वडगाव, बेळगाव