गुरं विकून आणलेला ऑर्गन

ती. आई आणि आण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगीन म्हणता म्हणता तीन रविवार गेले. तुम्ही "जेवलीस का" विचारता आणि माझं पुढचं घशातच राहतं. आई, तू मोठ्यानं वाच, आण्णांच्या डोळ्याला ताण नको.

मी नोकरी सोडली. १ ऑगस्टपासून इथं जर्मनीतच ऑर्गन, म्हणजे चर्चमधलं पेटीसारखं मोठं वाद्य, बांधणाऱ्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागतेय. साडेतीन वर्षांचं शिक्षण आहे. आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, पुढं वाच.

पगार कमी होईल, पण सोसायटीचं कर्ज फिटलंय आणि घरी यायचे पैसे तसेच येतील, तेवढे बाजूला काढलेत. हे खूळ नाही. शेवटी रीतसर परीक्षा असते, कागद मिळतो. जर्मनीतल्या या कारागिरीला युनेस्कोनं २०१७ साली आपल्या वारसा यादीत घेतलंय. इंजिनीअरिंगचं ड्रॉइंगही इथं लागतंच. (हे तुम्हाला पटवतेय की मलाच, कोण जाणे.)

खरं कारण निराळं आहे. इकडं उत्तर समुद्राच्या काठाला रिसुम नावाचं छोटं गाव आहे. मातीच्या उंचवट्यावर गोल वसलेलं, मधोमध चर्च. त्यात १४५७ च्या सुमारासचा ऑर्गन आहे. आण्णा, शिवाजी महाराज जन्मायच्या १७३ वर्षं आधीचा, आणि अजून वाजतो! आपल्या पेटीसारखेच स्टॉपर, सात आहेत. पण सूर पाइपांतून निघतो, बहुतेक पाइप म्हणजे धातूचा पावाच म्हणा. पट्टी दाबली की बारीक लाकडी काडी आतली झडप उघडते आणि भात्यातली हवा पाइपात शिरते.

तो गावानं घेतला कसा, ते जुन्या बखरीत आहे. गावकऱ्यांनी सरदाराकडं परवानगी मागितली, आमची पोसलेली गुरं एम्स नदीपलीकडं विकायला नेऊ द्या, ग्रोनिंगेन शहरातल्या कारागिराचे पैसे भागवायचेत. हे ऐकलं आणि मी बाकावरून उठलेच नाही. पुसेगावच्या बाजारातून तुम्ही बैलं विकून रिकामा कासरा खांद्यावर टाकून आला होतात. हौश्या-नंद्याची घुंगरं आईनं फडताळात ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी माझी फी भरली. त्यावर आपण कधी बोललो नाही. आता मी ते शिक्षण टाकून दिलं असं वाटू देऊ नका, एवढंच म्हणायचंय. वाटलं तर वाटू दे, पण मला सांगा.

देवळातल्या पेटीचा भाता फाटला होता, तुम्ही सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावत होतात आणि मी बॅटरी धरून बसले होते, आठवतं? हात हलला की ओरडत होतात. मग पहिला सूर निघाला तो आधी फुसफुसला. आता इथं दिवसभर तसलीच फुसफुस शोधायची.

खाण्याची काळजी नको. तुझ्या चटणीची अर्धी बरणी अजून आहे. चहाला तर हे लोक आपल्यापेक्षा पक्के, कपात खडीसाखर टाकतात, वर साय सोडतात आणि ढवळतच नाहीत. खोलीत उबारा आहे, मोजे दोन-दोन घालते.

आता माझं ऐकायचं. आण्णा, रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला विहिरीवर जायचं नाही. पाणी नाही मिळालं तरी चालेल, पीक वाळलं तरी चालेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीच्या आत. आई, शुगरची गोळी जेवणाआधी म्हणजे आधीच, आणि उपासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना विचार, स्वतःच ठरवू नकोस. स्थळाचं मावशीला मीच सांगते, तू त्यात पडू नकोस.

भजनाच्या पेटीचा भाता परत फाटलाय म्हणे. त्याला ट्यूब लावू नका. फोटो पाठवा, मापं घेऊन ठेवा. मेंढीचं मऊ कातडं मी येताना आणते.

तुमची,
ताई