दुखणं शांत असतानाचा स्कॅन

आदरणीय डॉक्टर,

रेडिओलॉजिस्टला पेशंटचे नातेवाईक सहसा पत्र लिहीत नाहीत. रिपोर्टखालच्या सहीपलीकडे तुमची ओळखच होत नाही. दादाच्या बाबतीत मात्र पहिले आभार तुमचेच.

दादाला आणि मला फॅमिलियल मेडिटेरेनियन फीव्हर, म्हणजे पुन्हा पुन्हा ताप आणि सूज आणणारा आनुवंशिक आजार. आई-वडील दोघांकडून एमईएफव्ही जनुकाची एकेक सदोष प्रत आली. हे जनुक 1997मध्ये सापडलं, त्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर मंडळी त्यावर कोल्चिसिनच्या गोळ्या देत आली आहेत. दुखणं उठलं की एक ते तीन दिवस ताप, पोटाच्या आतल्या अस्तराला सूज, कधी थोडं पाणी. मग आपोआप ओसरतं. म्हणून दादाचं पोट फुगू लागलं तेव्हा आधीच्या ठिकाणी ‘नेहमीचंच’ म्हणून गोळ्या वाढवून मिळाल्या. त्यांना तरी काय म्हणावं? या आजारात त्या अस्तराचा कॅन्सर, म्हणजे मेसोथेलिओमा, झाल्याची नोंद क्वचितच सापडते, आणि हा कॅन्सर ज्याच्याशी जोडला जातो त्या ॲस्बेस्टॉसशी दादाचा कधी संबंध आलेला नव्हता.

तुम्ही जुन्या सगळ्या सीडी मागवल्यात. ताप नाही, दुखणं नाही, अशा दिवसांत सीटी पुन्हा करायला लावलात आणि जुन्या-नव्या प्रतिमा शेजारी-शेजारी ठेवून आम्हाला दाखवल्यात. सुजेचं पाणी एव्हाना ओसरायला हवं होतं, ते वाढलं होतं. अस्तर जाड आणि गाठाळ, आतड्यांपुढचा चरबीचा पडदा थापून बसवल्यासारखा घट्ट.

‘पेट स्कॅन करा, लगेच कळेल,’ असं सांगणारे बरेच भेटले होते. त्यात टोचलेली साखर सुजेच्या पेशीही ओढून घेतात, त्यामुळे नुसत्या चमकेवरून कॅन्सर ठरत नाही, हे तुमच्याकडून कळलं. तपासणीचा तुकडा काढायला सुई कुठे घालायची हे ठरवायला त्याचा उपयोग, आणि बायोप्सीआधी तुम्ही आजाराला नाव दिलं नाहीत. आमच्या घायकुतीला तुम्ही बधला नाहीत, हे विशेष!

लहान आतडं गाठींपासून बऱ्यापैकी मोकळं आहे, हे तुमच्या रिपोर्टात होतं. त्यावरच सर्जननी ऑपरेशनचा निर्णय घेतला आणि पोटातच गरम केमो दिली. दादा आता जेवतो, चिडतो, माझ्याशी भांडतो.

माझं कोल्चिसिन चालू आहे. दुखणं नसताना पोट फुगलंच, तर जुन्या सीडी घेऊन तुमच्याकडेच येईन.

तुमची,
दादाची धाकटी बहीण