करारनाम्यात पाटीलाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या चाळींच्या पुनर्विकासावरचा मजकूर आपल्या अंकात नेमाने येतो. त्यात चटई क्षेत्र असते, कॉर्पस (बिल्डरने रहिवाशांना द्यायचा निधी) असतो, बिल्डरने थकवलेले भाडे असते. तळमजल्यावरच्या दुकानाच्या पाटीचे काय झाले, याबद्दल कुणी अवाक्षर काढल्याचे माझ्या वाचनात नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी निवृत्त मुद्रितशोधक. जन्म गिरगावातला, बिऱ्हाड आता डोंबिवलीत. रविवारी पहाटेच्या लोकलने सीएसएमटीला उतरतो आणि काळबादेवी, ठाकूरद्वार, गिरगाव असा पायी फिरत जुन्या पाट्यांचे मोबाइलवर फोटो काढतो. रविवार अशासाठी, की पाटीसमोर टेम्पो उभा नसतो. काळबादेवीला कोलभाट गल्लीत निर्णयसागर छापखाना होता, १८६९ साली सुरू झालेला. आयुष्य अक्षरे तपासण्यात गेलेल्या माणसाचे पाय तिथे जरा रेंगाळतातच.

पाटीवर स्थापनेचे साल नसले तरी तिचे वय बऱ्यापैकी काढता येते. पत्ता नुसता ‘मुंबई ४’ असा असेल तर पाटी बहुधा पिनकोडच्या आधीची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि त्या ४ चे ४००००४ झाले. दूरध्वनी क्रमांक सहा आकडी असेल तर तोही एक धागा. पण माझा आवडता पुरावा अनुस्वाराचा. ‘येथें उत्तम प्रकारचें शिवणकाम करून मिळेल’ या एका ओळीत दोन अनुस्वार असे आहेत, जे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी घालवले. (पेंटरमंडळींनी नियम दुसऱ्या दिवसापासून पाळले असे समजू नये, सवय हाताला असते.) ठाकूरद्वारच्या एका बोळात ‘अिस्त्री’ अशी पाटी होती. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली ही ‘अ’ची बाराखडी, म्हणजे ‘इ’, ‘उ’ऐवजी ‘अि’, ‘अु’ लिहायचे. पुस्तकांतून ती कधीच हद्दपार झाली, इथे कोळशाच्या इस्त्रीच्या धुरात टिकून होती.

ती शिवणकामाची पाटी काचेची आहे. अशा पाटीची अक्षरे काचेच्या मागून, उलटी रंगवतात. आधी सोनेरी अक्षर, मग त्याची काळी शेड, शेवटी पार्श्वभूमीचा गडद हिरवा. म्हणजे जे पुढे दिसायचे ते आधी रंगवायचे, चूक झाली तर वरून हात फिरवायची सोय नाही. ‘शि’च्या वेलांटीचा सोनेरी रंग आता पापुद्रे धरून सुटला आहे आणि तेवढ्यातून मागची फळी दिसते. फोटो काढायला गेलो की काचेत माझी टोपी उमटते, म्हणून कडेला सरकून तिरका काढावा लागतो. उजव्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत पेंटरची सही. ही सही फ्लेक्सवर कुठून असणार? फ्लेक्सवर फार तर प्रिंटिंगवाल्याचा मोबाइल नंबर असतो.

फोटो काढताना हल्ली एक प्रश्न ठरलेला: ‘पालिकेतून आलात का?’ याचे कारण उघड आहे. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. एका दुकानदाराने तर मला सुनावले, ‘काका, पाटी मराठीच आहे की, मग फोटो कसला काढता?’ मराठी आहे म्हणूनच काढतो, हे त्यांना पटले नाही.

सक्तीला माझा विरोध नाही, उशीरच झाला. पण मुदतीच्या घाईत इंग्रजी आणि गुजराती जुन्या पाट्या सरसकट उतरल्या, आणि वर आले ते चकाकणारे एकसाची फ्लेक्स, काहींवर ऱ्हस्व-दीर्घाचे तीनतेरा. मराठी अक्षरे आधी यावीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, एवढेच कायदा सांगतो. जुनी पाटी भंगारात घाला असे तो सांगत नाही. ती आत गल्ल्याच्या वर टांगली तर कुणाचे काय जाते?

पुनर्विकासात मात्र गल्लाही उरत नाही. मेट्रो ३ ची काळबादेवी आणि गिरगाव ही स्थानके ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. डोंबिवलीकराला सोयच झाली, नाकारत नाही. त्यांच्यासाठी ज्या इमारती गेल्या त्यांच्या खाली दुकाने होती, आणि त्यांपैकी एकाही पाटीचा फोटो माझ्याकडे नाही, कारण तेव्हा मला हा नाद लागलेला नव्हता. फोटो असता तरी तो फोटोच. पत्र्यावरच्या रंगाला बोट लावून त्याचा थर कळतो, तसा फोटोत कळत नाही.

म्हणून रहिवासी आणि दुकानदारांना विनंती आहे. बिल्डरशी करारनामा करताना गाळ्याच्या चौरस फुटांखाली एक ओळ घाला: दुकानाची व इमारतीच्या नावाची जुनी पाटी पाडकामापूर्वी उतरवून जपावी आणि नव्या इमारतीच्या दर्शनी भागात लावावी. खर्च चार स्क्रूंचा. मात्र गिलाव्यातच उठवलेली अक्षरे असतील तर ती करवतीने कापून काढावी लागतील, तिथे थोडा जास्त.

मागच्या महिन्यात एका पाडलेल्या चाळीच्या जागेवर रखवालदाराची खोपटी दिसली. छपराला एनॅमलची निळी पाटी, उलटी टाकलेली. मान वाकडी करून वाचली: ‘केशकर्तनालय’. मागितली तर रखवालदार म्हणाला, ‘पावसाच्या आधी दुसरा पत्रा आणून द्या, ही घेऊन जा.’ सहा फुटी पत्रा डोंबिवलीहून लगेजच्या डब्यातून आणू देतात का, याची चौकशी चालू आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक, डोंबिवली