फक्त तीस हजार किलोमीटर पळालेली पोर्शे

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सेकंडहँड स्पोर्ट्स कारबद्दल आलेलं वाचलं. नव्या फॉर्च्युनरच्या पैशात, कधी त्याहूनही कमीत, पंधरा-वीस वर्षं जुनी पोर्शे मिळते, हे खरंच आहे. पण लेखात दोनदा सल्ला दिलाय की "कमी पळालेली गाडी बघून घ्या", त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना. मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे बरीच वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो आणि माझ्याकडे २००३ ची बॉक्स्टर एस आहे, म्हणजे पोर्शेची उघडता येणाऱ्या टपाची छोटी गाडी, ९८६ मॉडेल, ३.२ लिटर, २६० हॉर्सपॉवर. पुण्याचा भाचा आठवड्याआड एखादी जाहिरात पाठवतो, "मामा, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, फक्त तीस हजार पळालीय". आणि मी दरवेळी त्याला विचारतो की बाबा, मग बाकीची वर्षं ती काय करत होती?

उभी होती. आणि या गाड्यांना उभं राहणंच सोसत नाही. आपल्याकडे किलोमीटर कमी म्हणजे गाडी ताजी असा हिशोब असतो, टॅक्सीत वापरायच्या गाडीला तो चालतही असेल, पण रबर, प्लास्टिक, ऑइल यांना मीटर कळत नाही, त्यांचं वय वर्षांनीच वाढतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी हलली नाही तरी दर दोन वर्षांनी ते बदलायचं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ लिहिलं असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, नक्षी कितीही नवी दिसू दे, तो टायर दगड झालेला असतो आणि अडीचशेच्या पुढे पळू शकणाऱ्या गाडीला तसले टायर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकते, इग्निशन कॉइलना भेगा पडतात, बॅटरी डाउन होते. ९८७ मध्ये, म्हणजे ९८६ नंतरच्या बॉक्स्टरमध्ये, तर बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकी उघडायला लागतो करंट, म्हणजे बॅटरी पूर्ण मेली की आधी फ्यूजबॉक्समधून बाहेरचा करंट द्यायचा, मग डिकी उघडायची. हे डिझाइन ज्याने केलं त्याला एकदा भेटायचंय मला.

आता मुख्य भीती, आयएमएस बेअरिंग, म्हणजे इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग. १९९६ मध्ये आलेली बॉक्स्टर आखली जात होती तेव्हा पोर्शे कंपनी अक्षरशः बुडायच्या बेतात होती, खर्च कमी करायला बॉक्स्टर आणि तिच्या मागोमाग आलेली नाइन-इलेव्हन (९९६ मॉडेल) यांचा पुढचा भाग, हेडलाइट, इंजिनचं मूळ डिझाइन असं बरंच काही सामायिक ठेवलं. ते एम-९६ इंजिन. त्यात क्रँककडून (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चेनना फिरवणारी एक मधली शाफ्ट आहे आणि तिच्या टोकाला एक सीलबंद बॉल बेअरिंग. सीलमधून हळूहळू इंजिन ऑइल आत शिरतं, आतलं ग्रीस धुऊन जातं, आणि खराब झालेलं ऑइल आतच अडकून राहतं. बेअरिंग तुटलं की चेनचं टायमिंग सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपलं. अमेरिकेत यावरून खटला झाला, २०१३ मध्ये तडजोड झाली, २००१ ते २००५ च्या गाड्यांपुरती. सुरुवातीचं, आत गोळ्यांच्या दोन ओळी असलेलं बेअरिंग बरं होतं, २००० च्या सुमाराला एका ओळीचं छोटं आलं, ते सगळ्यात बदनाम. बहुतेक गाड्यांना काहीही होत नाही हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक उगाच घाबरतात. पण गंमत अशी की ही गाडी रोज चालवणारे आणि वेळेवर ऑइल बदलणारे त्यातल्या त्यात निर्धास्त असतात, आणि वर्षाला हजारभर किलोमीटर चालवून कपडा टाकून ठेवणाऱ्यांच्या गाडीत ऑइल धड तापतच नाही, पाण्याचा अंश, ॲसिड सगळं आत राहतं, आणि बेअरिंग नेमकं त्यातच बुडालेलं. इकडचे जुने मेकॅनिक सरळ म्हणतात, जास्त पळालेली दाखव, मग बोलू.

भारतात पोर्शे अधिकृतपणे आली २००४ ला, त्यामुळे तिकडे मिळणाऱ्या बॉक्स्टर जास्त करून ९८७ असतात. सुरुवातीच्या ९८७ मध्ये जुनं छोटं बेअरिंग असू शकतं, नंतरच्यांत मोठं, जे जवळजवळ तुटत नाही पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय बदलताही येत नाही. छोटं बदलता येतं, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी करून घ्यायचं. इकडे त्याचे दोन-तीन हजार युरो सहज होतात. आणि गाडीच आता दहा-पंधरा हजार युरोला मिळते! लोकांची खरी फसगत इथे होते. गाडीचा भाव पडला, पार्ट्सचा नाही पडला, ते अजून नव्या पोर्शेच्याच रांगेत उभे आहेत. त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे बरेच पार्ट बॉशचे, माहलेचे, साक्सचे असतात, तोच पार्ट पोर्शेच्या डब्याऐवजी त्यांच्या डब्यातून घेतला की स्वस्त पडतो.

मग घेताना बघायचं काय? गाडी लिफ्टवर घ्या, ऑइल फिल्टर काढून कापा आणि आतल्या कागदाच्या घड्या उजेडात बघा, धातूचा चुरा चमकला तर तिथूनच नमस्कार करून निघा. डायग्नोस्टिक मशीन लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधून इंजिन किती तास चाललंय ते काढा. एकूण किलोमीटरला त्या तासांनी भागलं की सरासरी वेग येतो, तो जर विचित्र आला तर मीटर मागे फिरवलंय हे शेंबडं पोरगंही सांगेल. इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरवलंय, म्हणजे पाचव्यातून चुकून दुसऱ्यात टाकलंय का, तेही त्यात नोंदलेलं असतं. पुढचा बंपर उतरवून रेडिएटर बघा, तिथे पाला, कचरा, प्लास्टिकच्या पिशव्या साठून ओल धरते आणि रेडिएटर कुजतो. आणि बिलं बघा, बिलं! वॉटर पंप कधी बदलला, ऑइल दरवर्षी बदललं का. आठ लिटरपेक्षा जास्त ऑइल भरावं लागतं या इंजिनात, आणि पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून थंडच असतं, तोवर गाडी ताणायची नाही.

जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून माझ्यासारखे बरेच जण सीझनची नंबरप्लेट घेतात, कडेला महिने छापलेले असतात, त्याबाहेर गाडी रस्त्यावर आणायची नाही. पण त्या महिन्यांत मी ती भरपूर चालवतो. दर दोन वर्षांनी सरकारमान्य तपासणी, ब्रेक, धूर, गंज, स्टिअरिंग सगळं बघतात, पास झाली की गाडी विशीची असो की साठीची, रस्त्यावर. तीस वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली तर एच नंबर, म्हणजे ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट मिळते आणि टॅक्स वर्षाला १९१ युरो ७३ सेंट. आपल्याकडे व्हिंटेज म्हणायला पन्नास वर्षं लागतात, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या इंपोर्टेड चारचाकीच्या रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची फी ८० हजार रुपये झालीय. म्हणजे घेणारा किलोमीटर बघतो, सरकार साल बघतं, आणि गाडीखाली वाकून बघायला कोणीच नाही. फी घ्या ना, पण त्या पैशात तपासणी तरी अशी करा की नीट ठेवलेली गाडी आणि खटारा यात फरक दिसेल.

आपला,
एक वाचक, स्टुटगार्ट

ता.क. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे बॉक्स्टर आहे त्यांनी जूनच्या आत टपाच्या मागच्या कोपऱ्यातल्या पाणी निघायच्या नळ्या साफ करून घ्या. त्या पाल्याने तुंबल्या की पाणी केबिनमध्ये उतरतं आणि लॉक आणि इमोबिलायझर (चोराला गाडी सुरू करू न देणारी यंत्रणा) यांचा कंट्रोल युनिट नेमका सीटखाली जमिनीलगत बसवलेला आहे, तो भिजला की गाडी स्टार्टच होत नाही.