राजेळीचे दोन मुनवे

नंदाखाल, वसई
९ नोव्हेंबर

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, आणि गणपतीच्या सुट्टीत तुझा फोन आला तेव्हा 'रेंज नाही' म्हणून ठेवला. रेंज होती. माझी शुगर वाढली आहे, गोळ्या चालू आहेत, तुझी वहिनी ठीक. तब्येतीचं झालं.

आता जे लिहितोय ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. २०११ साली दुय्यम निबंधकाच्या कचेरीत वाडीतल्या हिश्श्याचं ताईचं हक्कसोडपत्र झालं, तेव्हा घरच्या माणसांखेरीज दोघंच होते, तू आणि वकिलाचा कारकून. कारकुनाला काय आठवणार! तुला आठवत असेल. ताईने शाईचा अंगठा पदराच्या टोकाला पुसला होता. नंतर बाहेर उसाचा रस पिताना ती तो डाग नखाने खरवडत होती. आणि तू म्हणालास, 'अरे, तिला एकदा वाचून तरी दाखवायचंस.' त्यावर मी तुला काय बोललो ते इथे लिहीत नाही. दीड वर्ष आपण बोललो नाही. पण मास्तर, साक्षीदार म्हणून सही तूही केलीस, हे मी विसरलेलो नाही. सेमिनरीत फादर व्हायला शिकत होतो तेव्हासुद्धा तुझं असंच असायचं, आधी फणस चोरून खायचास आणि मग सद्सद्विवेकावर प्रवचन.

तर झालं असं. २ तारखेला मृतांच्या दिवशी चर्चमधली मिस्सा संपल्यावर ताई आगाशीहून आली. आई-बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या, झेंडू पसरले, मग घरी येऊन चहा घेतला. रस्त्याकडच्या वाडीचा व्यवहार ठरतोय हे तिला कुठून तरी कळलं असणार. पैशांचं तिने काहीही विचारलं नाही. 'विहीर बुजवतील का रे?' एवढंच म्हणाली. आणि निघताना दारात उभी राहून म्हणते, 'राजेळीचे दोन मुनवे नेऊ का? नाहीतरी तोडतीलच.'

नेऊ का! ती राजेळी केळी बाबांनी लावली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि मी पाळण्यात. रहाटाचं पाणी पाटाने फिरवायला तीच बांधावर उभी राहायची. आणि ती माझी परवानगी मागते. मी कुदळ घेऊन बुंध्याशी फुटलेले दोन मुनवे काढले, मुळाला माती राहू दिली, गोणपाटात बांधून दिले. ती रिक्षात बसली. मी वाडीतच उभा राहिलो, अंधार पडेपर्यंत. हरित वसईच्या मोर्च्यात फादर दिब्रिटोंच्या मागे घसा फोडून ओरडणारे आपण दोघं, आणि आज मी बिल्डरची वाट बघतोय. हे तू बोलणारच, म्हणून आधीच लिहून टाकलं. तो विषय वेगळा, त्यावर भांडायला ये.

कायद्याने मी मोकळा आहे. वकिलाने टेबलावर हात आपटून सांगितलं. बाबा मृत्युपत्र न करता गेले. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा उत्तराधिकार कायदा, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, म्हणजे अठरा गुंठ्यांतले नऊ तिचे होते. तिकडे केरळात मेरी रॉय बाईंना समान वाट्यासाठी सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली, १९८६ साली निकाल लागला. आपल्याकडे कायदा आधीपासूनच चांगला, म्हणून आपण बहिणींकडून प्रेमाने हक्कसोडपत्र लिहून घेतो.

पहिल्या रात्री मी ठरवलं, ताईला पाच लाख द्यायचे. भावजींचं डायलिसिस चालू आहे, उपयोगी पडतील. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, स्वतःच्याच पाठीवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी फादरना सांगितलं. पापनिवेदन वगैरे काही नाही, मिस्सेनंतर पोर्चमध्ये उभ्याउभ्या. ते म्हणाले, 'चांगलं आहे. पण हे दान का देणं?' मी गप्प. मग त्यांनी चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतलं आठवून दिलं, सर्वसामान्य प्रापंचिकांच्या कार्यावरचा १९६५ चा आदेश. न्यायाने जे देणं लागतं ते दयेची भेट म्हणून देऊ नये. आपण हे वाचलंय, मास्तर! तू त्याखाली लाल पेन्सिलने रेघ मारली होतीस आणि ग्रंथपालाने दोन रुपये दंड केला होता.

तेव्हापासून झोप गेली. पाच लाख दिले तर मी दानशूर भाऊ, आणि नऊ गुंठे दिले तर? तर मी पंधरा वर्षं दुसऱ्याचं वापरलं, असा अर्थ होतो. खरी कळ तिथे आहे. पैशांची नाही. (पैशांचीही आहे.)

तुझी वहिनी म्हणते, 'विहिरीचा गाळ कोणी काढला? बाबांचं आजारपण कोणी काढलं? ताईंनी राजीखुशीने सही केली होती.' तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. बाबांच्या अंथरुणाशी शेवटचे सात महिने तीच होती, मी बँकेत. म्हणून वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. मोटार, गाळ, दवाखाना, शेतसारा, कुंपण. सगळं वजा जाता ताईचे साडेतीन गुंठे उरले. साडेतीन! दोन दिवस तो आकडा खिशात घेऊन हिंडलो. मग लक्षात आलं, ताईच्या बाजूचा रकाना कोराच होता. आईच्या वेळी दर शनिवारी आगाशीहून पेजेचा डबा घेऊन यायची, रात्री राहायची, आईचे कपडे विहिरीवर धुवायची. ते मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. माझ्या खर्चाच्या तेवढ्या पावत्या होत्या.

मग आपलं जुनं शास्त्र काढलं. संत इग्नाशियसची निर्णय घेण्याची पद्धत, मरणघटकेला कोणता निर्णय घेतला असता तर बरं वाटलं असतं ते बघ. डोळे मिटून मरणशय्येवर पडलो, तर उशाशी तुझी वहिनी सातबारा घेऊन उभी. उठून बसलो. दुसरी पद्धत जास्त कामाला आली: अनोळखी माणूस हीच अडचण घेऊन आला तर त्याला काय सांगशील? त्याला मी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं, दे बाबा तिचं तिला.

बायबलही उघडलं. लूकच्या बाराव्या अध्यायात एकजण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू सरळ म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश कोणी केलं? मला हायसं वाटलं, प्रभूसुद्धा वाटणीच्या भानगडीत पडत नाही! पण पुढच्याच ओळीत लोभापासून जपा, आणि त्यापुढे कोठारं मोडून मोठी बांधणारा तो श्रीमंत. येशू हे बोलतो ते वाटणी मागणाऱ्याच्या निमित्ताने, हे खरं. पण माझी बहीण तर काही मागतच नाहीये, तेव्हा ते कुणाला लागू? गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली बापाचा वाटा मागायला उभ्या राहतात आणि परमेश्वर म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. त्यांनी निदान तोंड तरी उघडलं.

संत थॉमस अक्विनास म्हणतो ना, विवेकाची तीन कामं, सल्ला घेणं, निवाडा करणं आणि तो अंमलात आणणं, त्यात तिसरं मुख्य. तू म्हणायचास, सगळे वसईकर तिसऱ्या पायरीवर घसरतात. तुला पत्र लिहिणं म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर बसणं होतं, म्हणून आधी आगाशीला जाऊन आलो. काल. नऊ गुंठे तुझे, मी लिहून देतो, म्हटलं. ताई म्हणाली, 'आता कशाला?' आणि चहा टाकायला उठली. भावजी खाटेवरून म्हणाले, 'रस्त्याकडचे की मागचे?' मला हसू आलं. बरंच वाटलं, कुणीतरी व्यवहाराचं बोललं. ताई चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि माझ्याकडे न बघता तिने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला. मुनवे तिने मोरीच्या पाण्यावर लावलेत. एक ताठ उभा आहे, एकाने मान टाकलीय.

घरी अबोला आहे. तुझ्या वहिनीने जेवण वाढलं, ताट जरा जोरात ठेवलं. तिला पटवणं बाकी आहे आणि ते एका रात्रीत होणार नाही. मुलाच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे, ती बोलते ते काही उगीच नाही.

तुझ्या मुलीचं ठरलं हे ऐकून आनंद झाला, मुलगा संगमनेरचाच म्हणजे तुला सोपं. गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. शाळेतल्या त्या भानगडीचं काय झालं ते सविस्तर लिही, मी वाचेन.

वकील म्हणतो, हक्कसोड उलटी फिरवता येत नाही. आता द्यायचं तर बक्षीसपत्र करावं लागेल. बक्षीस! तिचंच तिला देतोय, आणि कागदावर मी पुन्हा दानशूरच. शब्द बदलता येतो का विचारलं, तर माझ्याकडे बघतच राहिला. तारीख २४ ची मिळाली आहे, सोमवार, सकाळी अकरा. आदल्या दिवशी मुक्कामाला ये. आधार कार्ड मूळ आण, झेरॉक्स चालत नाही. आणि चष्मा विसरू नकोस, या वेळी ताईला वाचून दाखवायचं काम तुझं.

तुझा,
वाडीवाला