नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

ऑक्टोबरातील गोडी छाटणीपासून एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणारी पेठ-सुरगाण्याकडची अनेक कुटुंबे मुलांनाही सोबत आणतात, आणि या मुलांची शाळा भर वर्षात तुटते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्यांना वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देऊ केले आहे. तरी हातच्याची वजाबाकी शेवटी कोणीतरी शेजारी बसूनच शिकवावी लागते.

निवृत्तीनंतर पेठ नाक्याजवळच्या वस्तीत मी हे काम सुरू केले, तेव्हा आपण उपकार करतो आहोत असा माझा समज होता. मी तीन दिवस समजावलेली वजाबाकी एका मुलीने धाकट्या भावाला कोकणा बोलीत पाच मिनिटांत शिकवली आणि तो समज गळून पडला. त्या संध्याकाळी झालेला आनंद मला नोकरीत क्वचितच मिळाला होता.

हा वर्ग मात्र माझ्या एकट्याच्या बळावर चाललेला नाही. थंडीत मुलांना भाडे न घेता घरी सोडणारे रिक्षावाले दादा, खरेदीच्या भावात वह्या देणारे दुकानदार, आणि दर शनिवारी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दाराशी ठेवून निघून जाणाऱ्या ताई (की काकू, हेही आम्हांस ठाऊक नाही) यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. ताई, आपले सात डबे आमच्याकडे घासून ठेवले आहेत; ते नेण्यासाठी तरी एकदा आत यावे.